पाते लवण्याआधी

आमच्या घरी दिवाळीचा फराळ आधी संपतो की दिवाळी अंक, याची पैज लागत असे आणि ती दरसाल अण्णा जिंकत. अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याच्या एका कचेरीत ते कारकून होते. जुने मोडी दस्त वाचून त्यांची बालबोधीत नक्कल करणे हे त्यांचे पोटापाण्याचे काम, आणि दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या तेलाच्या जाहिरातीपर्यंत चार दिवसांत फस्त करणे हा षोक. दोन्हीकडे सारी भिस्त डोळ्यांवर. १९६८ च्या दिवाळीत त्यांनी अंक उघडला, जरा लांब धरला, जरा जवळ आणला, आणि मिटून माझ्या हाती देत ते म्हणाले, "तू वाच रे. आज कोळिष्टकं फार आहेत." मी खुळ्यासारखा माळ्याकडे पाहिले. वाटले, आईने दिवाळीची झाडलोट नीट केली नसावी.

कोळिष्टके डोळ्यांत होती. अण्णांना मधुमेह होता. पुण्याच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितले की, डोळ्यामागच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत आणि त्यांतून रक्त झिरपते आहे. उपाय काय, असे विचारल्यावर त्यांनी साखर सोडा, ओझे उचलू नका, वाकू नका, एवढेच सांगितले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते. दोन वर्षांत अण्णांचे दोन्ही डोळे गेले. पुढची पाच वर्षे दिवाळी अंक मी मोठ्याने वाचीत असे आणि ते भिंतीला टेकून ऐकत. जाहिरातीही वाचायला लावीत.

पुढे तोच आजार वारशाने माझ्याकडे आला. पण मी आजही वाचतो, हा लेखही माझ्याच हाताने लिहिला आहे. अण्णांच्या आणि माझ्या डोळ्यांमध्ये जे घडले त्याची हकीकत मी गेली काही वर्षे जमवीत आलो आहे. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे ती खोड जात नाही. ही हकीकत प्रकाशाची आहे असे मला प्रथम वाटले होते. खोलात गेल्यावर कळले की ती जास्त करून वेळेची आहे. किती प्रखर प्रकाश, यापेक्षा तो किती वेळ, या प्रश्नाभोवती ती फिरते.

सुरुवात ग्रहणापासून करावी लागते. सूर्यग्रहण आले की आमची आजी अंगणात परातीत पाणी घेऊन बसे आणि आम्हा पोरांना त्यातले सूर्यबिंब दाखवी. वर पाहशील तर डोळे जातील, असा दम देई. प्लेटोच्या 'फीडो' नावाच्या संवादात सॉक्रेटिस नेमकी हीच गोष्ट बोलतो, हे मला फार उशिरा कळले आणि आजीविषयीचा आदर दुणावला. (जाता जाता सांगतो, परातीतले बिंबही निर्धोक नसते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर पडणारी प्रतिमा पाहावी हे उत्तम.)

जुलै १९४५ मध्ये युरोपातून एक ग्रहण दिसले. जर्मनी नुकताच युद्धात पडला होता. हाम्बुर्गच्या नेत्रविभागात गेर्ड मायर-श्विकेराथ नावाचे पंचविशीचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे वैद्यकाचा एक विद्यार्थी आला. त्याने ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिले होते आणि आता नजरेच्या मध्यभागी डाग दिसत होता. डॉक्टरांनी डोळ्यात पाहिले, तर दृष्टिपटलाच्या बरोबर मध्यावर भाजल्याचा व्रण. असे व्रण पूर्वी हजारोंनी पाहिले असतील. यांना मात्र तो व्रण ओळखीचा वाटला.

ओळखीचा कसा, ते सांगतो. आपल्या डोळ्यामागचा पडदा भिंतीवरच्या कागदासारखा चिकटलेला असतो. त्याला फट पडली की आतले पाणी मागे शिरते आणि पडदा सुटून लोंबतो. स्वित्झर्लंडच्या लोझान गावी ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात दाखवून दिले, की ती फट शोधून तिच्याभोवती डागणी दिली तर व्रण धरतो आणि पडदा पुन्हा चिकटतो. त्याआधी पडदा सुटणे म्हणजे बहुधा तो डोळा गेलाच. पण डागणी द्यायची तर बाहेरून, डोळ्याच्या गोळ्याचे कवच चिरून. आता विद्यार्थ्याच्या डोळ्यातला हा व्रण हुबेहूब डागणीच्या व्रणासारखा, आणि कवचाला ओरखडाही नाही! सूर्याने बाहुलीतून आत शिरून, मधले काही न बिघडवता, थेट तळाशी डागणी दिली होती. मग तेच काम आपण मुद्दाम, हव्या त्या जागी का करू नये?

पुढची काही वर्षे या गृहस्थांनी जे उद्योग केले ते वाचताना मला आमच्या प्रयोगशाळेतल्या दोऱ्या-भिंगांची आठवण होते. कोळशाच्या विद्युत्कमानीचा दिवा वापरून झाला. हाम्बुर्गच्या इस्पितळाच्या गच्चीवर, सूर्यामागे फिरणारा आरसा आणि भिंगे लावून रोग्याच्या डोळ्यात खुद्द सूर्यच उतरवण्याचा घाट घातला. हाम्बुर्गचे आकाश बाराही महिने ढगाळलेले. रोगी तयार, डॉक्टर तयार, आणि सूर्यनारायण बेपत्ता! तरी १९४९ पर्यंत त्यांनी माणसाच्या दृष्टिपटलावर प्रकाशाची डागणी देऊन दाखवली. मग झाइस कारखान्याचे हान्स लिटमान त्यांना येऊन मिळाले आणि १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात झेनॉन वायूच्या दिव्याचे यंत्र बाजारात आले. त्याने पुष्कळांचे डोळे वाचवले.

पण झेनॉनचा प्रकाश सूर्यासारखाच सर्व रंगांचा आणि पसरट. एकेका डागणीला अर्धा सेकंद, प्रसंगी त्याहून जास्त लागे. अर्धा सेकंद म्हणजे आपल्याला काहीच नव्हे. डोळ्याच्या हिशेबात मात्र तो फार मोठा काळ. पाते लवायला याहून कमी वेळ पुरतो. तेवढ्यात डोळा हलू नये आणि वेदना होऊ नये म्हणून डोळ्यामागे सुई टोचून तो बधिर करावा लागे. डागही मोठे आणि खोल पडत.

मग १६ मे १९६० उजाडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मालिबू येथे, ह्यूजेस कंपनीच्या प्रयोगशाळेत, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. एकच रंग, लाल; आणि सुईच्या टोकाएवढ्या जागी एकवटणारा. दोन वर्षांच्या आत, १९६१ च्या अखेरीस, न्यूयॉर्कला चार्ल्स कॅम्बेल या नेत्रवैद्यांनी चार्ल्स कोस्टर या प्रकाशशास्त्रज्ञाच्या मदतीने माणकाच्या लेझरने एका रोग्याच्या दृष्टिपटलावरची गाठ जाळली. शोध लागल्यापासून इतक्या तातडीने माणसाच्या डोळ्यात शिरलेले दुसरे यंत्र मला तरी आठवत नाही.

माणकाचा झोत एक हजारांश सेकंद, कित्येकदा त्याहूनही कमी टिके. लोकांना वाटले, वा! आता सुई नको, बधिरीकरण नको. रोग्याला कळायच्या आत काम खलास. आणि इथेच गाडी अडली. या झोताची मात्रा जमेना. जरा कमी पडली तर काहीच होत नसे. जरा जास्त झाली तर पडद्याखाली जणू फटाका उडे आणि रक्त येई. शिवाय लाल प्रकाश लाल रक्तातून आरपार निघून जातो, त्यामुळे रक्तवाहिन्यांवर त्याचा इलाज चालेना.

असे का व्हावे? याचे उत्तर पणतीपाशी आहे. लहानपणी आपण सर्वांनी पणतीच्या ज्योतीतून बोट चटकन फिरवले आहे. भाजत नाही, कारण उष्णतेला कातडीत उतरायला वेळच मिळत नाही. तेच बोट क्षणभर रेंगाळू द्या, बोंब ठोकाल. दृष्टिपटल म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा, जवळजवळ पारदर्शक पडदा. त्याच्या पाठीशी काळ्या कणांनी भरलेल्या पेशींचा एकच थर असतो. प्रकाश पडद्यातून सरळ जातो आणि या काळ्या थरात शोषला जातो. म्हणजे चूल तळाशी पेटते आणि आच तिथून वर चढते.

ही आच वर चढते तीही सरळ चालीने नव्हे. जत्रेत चुकलेल्या पोरासारखी ती इकडेतिकडे धडकत जाते. दुप्पट अंतर जायला तिला चौपट वेळ लागतो. मी कागदावर आकडे मांडून पाहिले. सेकंदाच्या दहाव्या भागात आच सुमारे पाव मिलिमीटर जाते, म्हणजे बरोबर पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत! तिथे मज्जातंतूंचे धागे असतात. ते भाजले तर त्या जागेचीच नव्हे, तर पलीकडच्या भागाचीही तार तुटते. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी जाते आणि निम्म्या वाटेतच थांबते. एक हजारांश सेकंदात तर ती जागची फारशी हलतच नाही.

मग वेळ जितका थोडा तितके बरे, असे कुणीही म्हणेल. मीही म्हणालो होतो. पण वेळ तोडला की तितक्याच डागणीसाठी प्रखरता वाढवावी लागते. आच पसरायला अवधी नाही आणि प्रखरता मोठी, म्हणजे सगळी ऊब त्या इवल्याशा काळ्या थरात कोंडते. तिथे पाणी आहे. ते उकळते, वाफ होते आणि थर फाडून बाहेर पडते. कढत तेलात ओला हात झटकला की काय होते ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना सांगायला नको. त्या थराखालीच रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे, म्हणून रक्त येते. माणकाच्या लेझरला नडली ती हीच गोष्ट.

त्यावर तोडगा निघाला तो वेळ वाढवून. १९६४ मध्ये विल्यम ब्रिजेस यांनी आरगॉन वायूचा निळा-हिरवा लेझर काढला. हा प्रकाश रक्तात शोषला जातो आणि नळाच्या धारेसारखा अखंड वाहतो. मध्ये झडप लावून हवा तितका वेळ सोडावा. १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लेस्परन्स यांनी तो रोग्यांवर वापरला. सेकंदाचा दहावा भाग, कधी पाचवा भाग, ही मात्रा रूढ झाली. १९६८! म्हणजे इकडे साताऱ्यात अण्णा अंक माझ्या हाती देत होते त्याच काळात.

परंतु यंत्र असणे आणि इलाज असणे यांत अंतर असते. बॉस्टनमध्ये विल्यम बीदम आणि लॉइड एलो यांना आढळले होते, की ज्या मधुमेही डोळ्यांत जुन्या आजाराचे व्रण पसरलेले असतात त्यांत रक्तवाहिन्यांचा उपद्रव कमी दिसतो. त्यांनी माणकाच्याच लेझरने मुद्दाम तसे व्रण विखरून पाहिले. कल्पना मोठी विचित्र: नजर वाचवण्यासाठी पडद्याच्या कडेचा भाग शेकडो ठिकाणी जाळायचा! त्याचे कारण पुढे कळले. दृष्टिपटल प्राणवायूचे भारी खादाड. मधुमेहाने पुरवठा तुटला की ते टाहो फोडते आणि त्या हाकेला ओ देऊन निकृष्ट रक्तवाहिन्या उगवतात. खाणारी तोंडे कमी केली की टाहो थांबतो. ऐकायला निर्दय वाटते, पण कुटुंबाचा हिशेब आहे.

हे खरे की भ्रम, याचा निकाल लावायला अमेरिकेत १९७० नंतर एक मोठी परीक्षा सुरू झाली. सतराशेंहून अधिक रोगी. प्रत्येकाच्या एका डोळ्याला डागण्या द्यायच्या, दुसरा तसाच ठेवायचा. कोणता डोळा निवडायचा ते नशिबावर. मी हे वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसलो. एकाच माणसाचा एक डोळा वाचतो आहे आणि दुसरा जातो आहे, हे त्या सतराशेंपैकी कितीकांनी सकाळी उठून एकेक डोळा झाकून पाहिले असेल! १९७६ मध्ये निकाल जाहीर झाला. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर जाण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले होते. मग उरलेल्या डोळ्यांनाही डागण्या देण्याची मुभा देण्यात आली.

अण्णा १९७५ च्या कार्तिकात गेले होते.

माझा उजवा डोळा १९९६ मध्ये बिघडला. कोळिष्टक दिसताच मी एस.टी. पकडून मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात गेलो. आरगॉनचे यंत्र, सेकंदाच्या दहाव्या भागाची मात्रा, तीन बैठकांत मिळून दीडएक हजार डागण्या. प्रत्येक हिरव्या लखलखाटाबरोबर डोळ्याच्या मुळाशी कुणी टाचणी टोचावी तशी कळ. पहिली शंभर मोजली, पुढे मोजण्याचे त्राण राहिले नाही. डोळा वाचला, हे उपकार मी विसरणार नाही. मात्र अंधारात त्या डोळ्याच्या कडेने काही दिसेनासे होईल, हे आधी मला कुणी सांगितले नाही. तिथून परतल्यावर पहिल्याच अमावास्येला मी अंगणातल्या तुळशीवृंदावनावर आदळलो, तेव्हा ते कळले.

डाव्या डोळ्याची पाळी २०१३ मध्ये आली. या वेळी डॉक्टर होती माझीच एक विद्यार्थिनी. नववीत पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारून भंडावणारी. मी म्हणालो, "बाई गं, पुन्हा त्या टाचण्या नकोत." ती हसली. "सर, आता वेळ पाचपट कमी केलाय. तुम्हाला कळायच्या आत होतं." तिने हनुवटी टेकवायला लावली, भिंग बसवले आणि पायाने बटण दाबले. एक हिरवी चौकट लखलखली. एकेक डागणी नव्हे, पाचापाचांच्या पाच ओळी, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या, एका दमात! आणि कळ जवळजवळ नाहीच.

हे यंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क ब्लूमेनक्रांझ, डॅनियल पालांकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. २००६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. प्रत्येक डागणीला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग. आच पडद्यामागच्या वेदनातंतूंपर्यंत फारशी पसरत नाही, म्हणून कळ कमी. आणि झोत इतके आखूड की डोळा हलायच्या आत सगळी चौकट उमटते.

"मग हजारावा भागच का घेत नाही?" मी विचारले. तिने उलट मलाच विचारले, "सर, पाणी कुठे जाईल?" मी गप्प बसलो.

त्याच मंडळींनी सशांच्या डोळ्यांवर काटेकोर मोजमाप केले आणि २००८ मध्ये ते छापले. हलकी डागणी पडते ती शक्ती आणि पडदा फाटतो ती शक्ती, यांच्यामध्ये किती ऐसपैस जागा आहे, हा त्यांचा प्रश्न. सेकंदाच्या दहाव्या भागाला फाटण्याची शक्ती डागणीच्या सुमारे चौपट लागते. पन्नासाव्या भागाला सुमारे तिप्पट. हजारावा भाग आला की दोन्ही जवळजवळ एकच होतात. म्हणजे पाऊल टाकायला जागाच उरत नाही. दर माणसाच्या डोळ्यातला काळा रंग कमीजास्त, एकाच डोळ्यातही जागोजाग वेगळा. तेव्हा तिप्पट जागा ही चैन नव्हे, गरज आहे. १९६१ च्या लोकांना न जमलेल्या मात्रेचा हिशेब असा सत्तेचाळीस वर्षांनी हाती आला.

तिने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, आणि पूर्वीचा अनुभव असल्याने मला तिचे फार बरे वाटले. आखूड झोताचे डाग लहान पडतात आणि भरून येताना आणखी आकसतात. म्हणून जुन्या हिशेबाने दीड हजार देऊन भागत नाही, पुष्कळदा जास्त द्यावे लागतात. नाही तर नव्या रक्तवाहिन्या परत डोके काढतात. "कळ कमी म्हणून काम कमी असं समजू नका सर, तपासणीला यायचं." मी विद्यार्थ्यासारखी मान हलवली. वर्षभरात तिने मला आणखी एका बैठकीला बसवले.

हजाराव्या भागापाशी वाट संपते असे वाटते, पण गंमत म्हणजे त्याच्या पलीकडे आणखी एक दालन आहे. सेकंदाच्या दशलक्षांश भागांत बोलायचे तर, चार-पाच दशलक्षांश सेकंदांत आच त्या काळ्या थराच्याही बाहेर निघत नाही. थरातल्या एकेका काळ्या कणाभोवती सूक्ष्म बुडबुडा येतो आणि तेवढी पेशीच मरते. वरच्या प्रकाशग्राही पेशी शाबूत राहतात. काळ्या थरातल्या शेजारच्या पेशी सरकून ती जागा भरून काढू शकतात. मेलेल्या प्रकाशग्राही पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. जर्मनीचे रेजिनाल्ड बिर्नग्रुबर आणि योहान रोइडर यांनी १९९० नंतर हा मार्ग चोखाळला. बुडबुडा आणि फटाका यांतला फरक इथे मात्रेवर आणि जागेवर आहे. मधुमेहात कडेचा पडदा जाळावाच लागतो, तिथे याचा उपयोग नाही. पण नजरेच्या मध्याजवळ, जिथे काळ्या थराचेच दुखणे असते, तिथे हा मार्ग उपयोगी पडावा अशी त्यांची धारणा. म्हणजे सूर्याने त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यात ज्या जागी व्रण केला, त्याच नाजूक जागी.

आता डोळ्यात टोचायची औषधेही निघाली आहेत. ती रक्तवाहिन्यांचा टाहोच दाबतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेत ती डागण्यांच्या तोडीस उतरली. पण त्यांसाठी पुनःपुन्हा जावे लागते, आणि ज्याची एस.टी. चुकते त्याचा डोळाही चुकतो. म्हणून डागण्या अजून गेलेल्या नाहीत.

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, मावळतीला खंडग्रास ग्रहण दिसले. नातू गच्चीवर पळाला. मी पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पाठोपाठ गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्याला चावलेल्या पोळीसारखे बिंब दाखवले. तो म्हणाला, "आजोबा, यापेक्षा फोनवर मोठं दिसतं." दिसत असेल. त्याने वर पाहिले नाही, एवढ्यावर मी समाधान मानले.

यंदाचे अंक आले आहेत. वाचायला डावा डोळा पुढे असतो, उजवा मागून येतो. संध्याकाळी अंगणात पणत्या ठेवताना मात्र नातवाला पुढे घालतो, कारण तुळशीवृंदावन अजून तिथेच आहे.